किती लिटर ते नको, किती दिवसाआड ते सांगा

२०१८ साली केंद्र सरकारनं राहण्यायोग्य शहरांची पहिली यादी काढली, १११ शहरं होती, पुणे पहिलं आलं आणि आपलं सोलापूर बाविसावं. मग २०२० ची यादी आली (जाहीर झाली मार्च २०२१ मध्ये), त्यात दहा लाखांवरच्या शहरांच्या गटात सोलापूर पहिल्या विसात, नागपूरच्या वर आणि नाशिकच्या तर बरंच वर. दोन्ही वेळेला आपल्याकडं दोनच प्रकारची बोलणी ऐकू आली. एक म्हणजे बघा, आपण नागपूरच्या पुढं आहोत, उगाच शहराला नावं ठेवू नका. आणि दुसरं म्हणजे हे सगळं बोगस आहे, एसी केबिनमध्ये बसून भरलंय, ज्यांनी नंबर दिला त्यांना एक आठवडा दत्त नगरात नाहीतर शेळगीत राहायला सांगा.

दुसऱ्यांचा राग मला समजतो पण त्यांचं म्हणणं पटत नाही. कारण आकडेच नकोत म्हटलं की उरतं काय, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं मत, आणि ह्या शहरात ज्यांना सगळ्यात जास्त त्रास आहे त्यांचा आवाज कधीच मोठा नव्हता. विडी वळणारी बाई, लूमवर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार, टॉवेल शिवणारी पोरगी, ह्यांच्या बाजूनं ठामपणे काही मांडायचं असेल तर आकड्याशिवाय दुसरं हत्यार नाही. फक्त तो आकडा मोजला कुठं आणि कुणाच्या घरात हे आधी विचारलं पाहिजे. सगळ्या शहराची सरासरी काढून नंबर लावण्यापेक्षा सगळ्यात वाईट भागात रोजचा दिवस कसा जातो ते मोजा, असं माझं म्हणणं आहे, आणि सोलापूरपुरतं बोलायचं तर पहिला आकडा पाण्याचा पाहिजे, आणि तो लिटरमध्ये नको, दिवसांत पाहिजे.

सरकारी मापदंड आहे माणशी रोज १३५ लिटर. महापालिका काय करते, एवढे एमएलडी (म्हणजे रोजचे दशलक्ष लिटर) उजनी धरणावरून, एवढे टाकळीवरून, एवढे हिप्परग्यावरून, सगळ्याची बेरीज, भागिले लोकसंख्या. जे उत्तर येतं ते कागदावर काही फार वाईट दिसत नाही. आता तेच पाणी घरात कसं येतं ते बघा. चार दिवसाआड, पाच दिवसाआड, उन्हाळ्यात काही भागात त्याहून उशिरा.

समजा घरात पाच माणसं आहेत. १३५ प्रमाणे रोजचं लागतं ६७५ लिटर. पाणी पाच दिवसांतून एकदा येत असेल तर पाच दिवसांचं मिळून ३३७५ लिटर एकाच वेळी भरून ठेवायला लागणार, म्हणजे दोनशे लिटरची सतरा बॅरल. आता दहा बाय दहाच्या खोलीत, जिथं एका कोपऱ्यात गॅस, एका कोपऱ्यात देव, भिंतीला पोरांची दप्तरं आणि मधे सुपात पानं-तंबाखू घेऊन बाई बसलेली, तिथं सतरा बॅरल कुठं ठेवणार हो? तिथं असतात तीन बॅरल आणि थोड्या घागरी-बादल्या, सगळं मिळून सातशे लिटर धरा. म्हणजे माणशी रोज २८ लिटर. त्याच लाईनवर पुढच्या गल्लीत एखादा बंगला असतो, तिथंही पाच माणसं, पण खाली पाच हजार लिटरचा हौद आणि हौदाला मोटर, तो हौद भरला की त्यांना माणशी रोज २०० लिटर. आता दोन्ही घरांची सरासरी काढा, ११४ येते, म्हणजे १३५ च्या फार खाली नाही, आणि अहवालात लिहायला बरं. पाईप तोच, चावी तीच, वेळ तीच, आणि एका घराला दुसऱ्याच्या सातपट पाणी. हा फरक एमएलडीच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही कारण तो फरक नळाच्या अलीकडचा आहे, साठवायला जागा कुणाकडं आहे त्याचा आहे.

पाण्याचा दिवस म्हणजे काय असतं हे ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी आहे त्यांना सांगून कळत नाही. पाण्याची चावी फिरवणारा महापालिकेचा चावीवाला कधी येईल ते नक्की नाही, रात्री एकला पण सोडतो, पहाटे चारला पण. तोपर्यंत घरातल्या एकाला जागं राहायला लागतं आणि ते एकजण म्हणजे बहुतेक घरातली बाई. "तुमच्यात आलं का ओ?" अशी गल्लीत विचारपूस सुरू. आलं की पहिली दहा मिनिटं गढूळ, ते सोडून द्यायचं, मग वरच्या अंगाच्या घरांच्या मोटरी चालू होतात आणि आपल्या नळाची धार करंगळीएवढी होते. मग दुसऱ्या दिवशी झोप नाही, विड्या वळून होत नाहीत, कारखान्यात माल कमी जातो, आणि मजुरी नगावर असल्यामुळं तेवढे पैसे गेले. म्हणजे पाणीपट्टी भरून वर परत मजुरीतून पाण्याचे पैसे द्यायचे. ही किंमत कुठल्या निर्देशांकात धरलीय ते मला कुणीतरी दाखवा.

ह्यावर ठरलेलं उत्तर असतं की दुष्काळी जिल्हा आहे, पाऊसच कमी, काय करणार. उजनीचे आकडे ह्या उत्तराला साथ देत नाहीत. उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी बसतं, त्यातलं जवळपास ६३ मृतसाठा आणि त्यावरचं ५३ च्या आसपास उपयुक्त. पेपरात जे टक्के येतात ते उपयुक्त साठ्याचे असतात म्हणून उन्हाळ्यात उणे आकडे दिसतात, २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठच्या जवळ गेलं होतं आणि त्याच पावसाळ्यात भरून वाहिलं. आता प्रश्न असा की धरण भरलं त्या वर्षी तुमच्या नळाचे दिवस बदलले का? नाही ना. मग अडचण धरणाच्या भिंतीच्या मागं नाही, पुढं आहे. शंभर किलोमीटरच्या वर लांबून आणलेली पाईपलाईन, ती फुटली की अख्ख्या शहराचं वेळापत्रक एक दिवस पुढं. नदीवाटे टाकळीला पाणी आणायचं तर ते भीमेतून वाहत यायचं, वाटेत मुरायचं, उडायचं, उपसलं जायचं, औज बंधाऱ्यात येईल ते आपलं. समांतर जलवाहिनीची चर्चा ऐकत इथं एक पिढी मोठी झाली. आणि शहराच्या आत टाक्या, जुन्या पाईप, गळती. हे सगळं इंजिनिअरिंगचं आणि कारभाराचं काम आहे, पावसाचं नाही. आणि म्हणूनच "किती दिवसाआड" हा आकडा महत्त्वाचा, त्यात कारभार जसाच्या तसा दिसतो, लपायला जागा राहत नाही.

दुसरा आकडा जो मी यादीतल्या नंबरापेक्षा जास्त मानतो तो जनगणनेतला आहे आणि तो सगळ्यांसाठी उघडा आहे. २००१ मध्ये सोलापूर शहर ८ लाख ७२ हजार, २०११ मध्ये ९ लाख ५१ हजार. दहा वर्षांत नऊ टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत राज्य वाढलं सोळा टक्के आणि पुणे शहर तेवीस टक्के. त्या काळात राज्यात नुसती जन्म वजा मृत्यू अशी वाढ वर्षाला हजारी दहा-बारा होती, म्हणजे दशकात दहा-बारा टक्के. सोलापूरचं प्रमाण साधारण तेवढंच धरलं तर कुणी आलं नाही आणि कुणी गेलं नाही तरी शहर नऊपेक्षा जास्त वाढायला पाहिजे होतं. म्हणजे आलेल्यांपेक्षा गेलेले जास्त. कोण गेले हे सांगायला सर्वे नको, संध्याकाळी पुण्याला जाणाऱ्या गाड्यांच्या जनरल डब्यात बघा. इथं इंजिनिअरिंग करायचं, इथलंच विद्यापीठ, आणि डिग्री हातात पडली की हिंजवडीत नाहीतर चाकणला. आईवडील इथं, पोरगा तिथं, दिवाळीला आणि गड्ड्याच्या जत्रेला भेट.

गिरण्यांच्या काळात हेच शहर माणसं ओढून घेत होतं हे विसरू नका. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, मग एकेक गिरणी उभी राहिली, तेलंगणाकडून पद्मशाली समाज येऊन पूर्व भागात वसला, कर्नाटकातून माणसं आली, मराठवाड्यातून आली. सोलापूर तीन-चार भाषा बोलतं ते त्या आकर्षणामुळं. मग जुनी मिल बंद पडली, नव्वदीत लक्ष्मी-विष्णू गेली, आणि त्या जागी तेवढ्या पगाराचं, तेवढ्या हमीचं काम उभंच राहिलं नाही. गिरणी कामगाराला प्रॉव्हिडंट फंड होता, त्याच्या नातवाला लूमवर आठवड्याचा पगार आहे. चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, टॉवेल एक्स्पोर्ट होतो, त्याचा अभिमान आहेच, पण कामगाराच्या हातात किती पडतं हा वेगळा हिशेब.

आता हे त्या २०२० च्या यादीशी लावून बघा. त्यात मार्कांची वाटणी अशी होती, जीवनमान ३५ टक्के, आर्थिक क्षमता १५, शाश्वतता २०, आणि नागरिकांचं मत ३०. म्हणजे ज्या एका कारणासाठी इथला तरुण शहर सोडतो त्याला शंभरातले पंधरा मार्क. ही वाटणी चूक आहे असं मी म्हणत नाही, एखाद्या दुसऱ्या शहराला ती बरोबर बसत असेल, पण वजनं बदलली की नंबर बदलतो हे तरी आपल्याला माहीत पाहिजे. पेन्शन सुरू असलेल्या, जुळे सोलापुरात स्वतःचं घर आणि घरामागं बोअर असलेल्या माणसासाठी सोलापूर खरोखर पहिल्या विसात असेल, कदाचित आणखी वरही असेल. चोवीस वर्षांच्या पोराचा नंबर वेगळा आणि विडी घरकुलातल्या बाईचा आणखीन वेगळा. तिघांना एका पानावर आणून एक नंबर दिला की तो तिघांपैकी कुणाचाच राहत नाही.

आणि ते तीस टक्के नागरिकांचं मत. सगळ्या शहरांत मिळून बत्तीस लाखांवर लोकांनी त्या सर्वेत भाग घेतला होता, कमी नाही. पण माणूस समाधानी आहे का हे त्याला सवय कशाची आहे त्यावर ठरतं. इथं कुणालाही विचारून बघा, पाण्याचं कसं काय तुमच्यात? "चांगलंय की ओ, चौथ्या दिवशी न चुकता सोडतेत की." हे उत्तर मनापासूनचं आहे, त्यात तक्रार नाही. त्याच्या मनात तुलना मागच्या उन्हाळ्याशी आहे, आठव्या दिवशी आलेल्या पाण्याशी. पुण्यात पाणी दिवसाआड करायचं नुसतं ठरलं तरी पेपरात मोठ्या मथळ्याची बातमी होते, आंदोलनं होतात. म्हणजे ज्या शहरानं जास्त सोसलं त्याला समाधानाचे मार्क जास्त मिळू शकतात. मला ही गोष्ट मनापासून खटकते, कारण आपल्या लोकांचा सोसिकपणा शहराच्या कारभाराच्या खात्यात जमा होतो.

हद्दीचा घोळ तर कुणी बोलतच नाही. १९९२ साली हद्दवाढ झाली आणि तेहतीस चौरस किलोमीटरचं शहर एका दिवसात १७८ चौरस किलोमीटरचं झालं. कागदावर झालं. ड्रेनेज, रस्ते, जलवाहिन्या त्या वेगानं गेल्या नाहीत, आणि आज पस्तीस वर्षं होत आली तरी "हद्दवाढ भाग" हा शब्द इथं चिखल, टँकर आणि अंधार ह्याच अर्थानं वापरला जातो. शहराचं कुठलंही कव्हरेज, म्हणजे अमुक टक्के घरांना ड्रेनेज, अमुक टक्के घरांना नळ, हे गावठाण आणि हद्दवाढ असं वेगळं करून दिल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. उलट बाजूनं कुंभारी बघा. गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं, मग रे नगर, ज्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. ही सगळी सोलापूरचीच माणसं, शहरातल्या विड्या वळणारी, शहरातले लूम चालवणारी, शहराच्या कपड्यांना शिलाई मारणारी. पण कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर. म्हणजे शहरातली हजारो गरीब घरं शहराच्या आकडेवारीतून बाहेर गेली आणि कुणाचं काही न सुधारता शहराची सरासरी वर आली. त्या लोकांना पक्कं घर मिळालं ही फार मोठी गोष्ट आहे, देशात असंघटित कामगारांनी लढून एवढी घरं उभी केल्याची उदाहरणं कमी असतील. पण रोज कामाला ये-जा करायचं रिक्षाभाडं, तिथलं पाणी, तिथला दवाखाना, हे कुठल्या शहराच्या नावावर मोजायचं?

हवेचं थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये केंद्रानं स्वच्छ हवेचा कार्यक्रम सुरू केला, त्यात हवा मापदंडात न बसणाऱ्या शहरांत सोलापूर आहे. आपल्याकडं मुख्य दुखणं धुळीचं, म्हणजे पीएम १०, ज्याची वर्षाची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. उखडलेले रस्ते, रस्त्याच्या कडेची उघडी माती, कोरडी हवा. पण मोजमाप होतं ते बोटावर मोजण्याइतक्या जागी आणि तेही उघड्यावर. साखर पेठेतल्या नाहीतर पूर्व भागातल्या घरात खाली लूम आणि वर संसार, कापसाचा बारीक तूस सगळ्या घरभर, पापणीवर सुद्धा बसतो, आणि विडीच्या घरात तंबाखूची भुकटी, त्याच खोलीत तान्हं मूल झोपलेलं. त्या खोलीतली हवा कुठल्याच केंद्रावर नोंदली जात नाही. तिथं एक साधं यंत्र ठेवून महिनाभर मोजलं तर जे निघेल ते मला शहराच्या वार्षिक सरासरीपेक्षा जास्त मोलाचं वाटेल.

आता चांगलं आहे ते चांगलं म्हणायला पाहिजे, आणि ते आकड्यात कमी दिसतं हे पण खरं. शहराच्या ह्या टोकावरून त्या टोकाला वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं. सात रस्त्याला काम उरकून माणूस जेवायला घरी जाऊ शकतो, ही चैन पुण्यात लाखभर पगार असणाऱ्याला नाही. घरभाडं परवडतं. दवाखान्यांच्या बाबतीत सोलापूर मोठंच आहे, सरकारी मेडिकल कॉलेज १९६३ पासूनचं, शिवाय खासगी हॉस्पिटलं भरपूर. मात्र इथंही भागाकार जपून करा. लाख लोकसंख्येमागे किती खाटा ह्यात खाली आपण फक्त शहराचे लोक धरतो, आणि सिव्हिलच्या आवारात जाऊन उभं राहिलं तर धाराशिवची, कलबुर्गीची, विजयपूरची, अक्कलकोट-मंगळवेढ्याची माणसं पथारी टाकून बसलेली असतात. त्यांनी यावंच, तो आपला मान आहे, पण मग खाटा कमी आहेत हे मान्य करून मागा ना.

गुन्ह्यांच्या आकड्यांवरून कोण काय सिद्ध करतो तेही बघवत नाही. ज्या पोलीस ठाण्यात तक्रार लगेच नोंदवून घेतात तिथं गुन्हे जास्त दिसतात, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी निम्मे वाद मिटतील. आणि विमान, वंदे भारत, फ्लायओव्हर हे सगळं येऊ दे, मला आनंदच आहे, पण एका शहराचं विमानतळ हे तिथं येण्या-जाण्याचं मोजमाप आहे, तिथं राहण्याचं नाही.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपण नववे होतो. त्यानंतर मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत निवडून आलेलं कुणी नव्हतं, प्रशासक होते. आता जानेवारी २०२६ ला निवडणूक होऊन नगरसेवक आले आहेत. त्यांच्याकडं माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक झोनचा, शक्यतो प्रत्येक टाकीखालच्या भागाचा, मागच्या महिन्यात दोन पाण्यांमधला सगळ्यात मोठा खंड किती दिवसांचा होता तो आकडा दर महिन्याला लावा. सरासरी नको, सगळ्यात मोठा खंड. सोबत पाणी किती वाजता सोडलं आणि किती मिनिटं चाललं. झोन ऑफिसच्या भिंतीवर लावा, वेबसाईटवर टाका, आणि ज्या भागाचा खंड सलग तीन महिने सगळ्यात जास्त तिथल्या कामाला बजेटमध्ये पहिला पैसा.

ह्याला आणखी एक कारण आहे. २०११ नंतर जनगणना झालीच नाही, दरमाणशी म्हणून जे काही आपण आज काढतो त्याच्या खाली पंधरा वर्षांपूर्वीची डोकी आहेत. आता २०२७ ची जनगणना येतेय आणि त्याआधी घरयादीचं काम. त्यात पिण्याच्या पाण्याचं साधन विचारतात आणि ते घराच्या आवारात आहे की लांब ते विचारतात. दत्त नगरातली बाई सांगेल नळ आहे, आवारातच आहे. कोथरूडमधली बाई पण तेच सांगेल. दोन्ही घरं एकाच रकान्यात जातील आणि पुढची दहा वर्षं त्याच्यावर याद्या निघतील, नंबर लागतील. कितव्या दिवशी येतं हा प्रश्न त्या फॉर्मवर नाही, तो रकाना महापालिकेलाच भरायला लागणार, आणि त्यासाठी ना कन्सल्टंट लागतो ना नवा सर्वे, कुठल्या भागाला कधी पाणी सोडलं हे चावीवाल्यांना रोज सांगायलाच लागतं, तेवढं लिहून बाहेर लावलं तरी झालं.